छबूचं माप

बुलढाण्याची थंडी वाऱ्यावरून येत नाही, जमिनीतून वर चढते, असं आई म्हणायची. आधी तळपाय गार पडतात, मग गुडघे, आणि आपल्याला कळेपर्यंत ती कमरेशी आलेली असते. यंदा पौषात ऑफिसच्या कामासाठी बुलढाण्याला गेले, एसटी स्टँडच्या फरशीवर पाय ठेवला आणि ते आठवलं. काम दुपारीच आटोपलं. अकोल्याच्या गाडीला अवकाश होता. चहा घेतला आणि उगाच चालत राहिले. उगाच म्हणायचं, पण पायांना रस्ता ठाऊक होता.

बाजारगल्लीच्या तोंडाशी हमीदचाचांचं लोकरीचं दुकान होतं. तिथं आता मोबाईलची कव्हरं टांगलेली आहेत आणि वाऱ्यानं ती एकमेकांवर आपटत असतात. मी थांबून वास घेऊन पाहिला. काही नव्हतं. नव्या लोकरीच्या लडीचा वास विचित्र असतो, थोडा रॉकेलसारखा, थोडा पावसात भिजलेल्या जनावरासारखा, आणि त्यावर डांबरगोळ्यांचा. त्या दुकानात पाऊल टाकलं की बाहेरचा बाजार एकदम बंद व्हायचा. चारी भिंतींना छतापर्यंत लोकर रचलेली. बोललेलं सगळं ती पिऊन टाकायची. चाचा हातभर अंतरावर बसून बोलत, आणि आवाज मात्र विहिरीतून यावा तसा यायचा. मला तिथं भीती वाटायची. तरी आई निघाली की मी हट्ट करून तिच्याबरोबर जायचेच.

आई स्वेटर विणायची. वडील कॉलेजात शिपाई होते. त्यांच्या पगारात घर चालायचं, पण घर चालण्यापलीकडची एखादी गोष्ट, माझी सायकल म्हणा, भिंतीवरचं घड्याळ म्हणा, ती आईच्या सुयांमधून यायची. आम्ही राहायचो ते भाड्याचं घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा, ओट्यापुढं लोखंडी फाटक. फाटकावर पत्र्याची पाटी होती, 'येथे स्वेटर विणून मिळतील.' अक्षर वडिलांचं, वळणदार आणि जरा उजवीकडं झुकलेलं.

पोळा झाला की कामं यायला लागत. बाळंतविड्याचे सेट, म्हणजे झबलं, टोपडं, बोटभर मोजे. मास्तरांसाठी बिनबाह्यांचे स्वेटर. दाराची तोरणं, टीव्हीवर घालायचे रुमाल, लोकरीचे पोपट. थंडीत स्टँडजवळ तिबेटी लोक रंगीत स्वेटरांचे ढीग मांडून बसत आणि तिथं स्वस्त मिळे, तरी आमच्याकडं येणारे येतच. दिवसभर घरात सुयांचा आवाज असायचा. टिक टिक नाही, त्याहून बारीक, दातावर दात घासल्यासारखा. झोपेतही मला तो ऐकू यायचा, आणि तो थांबला की मी जागी व्हायचे.

विणून झालेले स्वेटर आई रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि मधल्या खोलीत दोरीवर वाळत घालायची. उन्हात लोकर पिवळी पडते म्हणायची. त्या खोलीला एकच खिडकी होती. शाळेतून आले की मला आधी तीच खोली ओलांडावी लागे. दोरीवर ओळीनं लटकणारी माणसं, डोकी नसलेली, हात खाली सोडलेले, आणि खाली फरशीवर थेंबथेंब पाणी. मी मान खाली घालून पळत जायचे. एखादी ओली बाही गालाला लागायची.

मथुराबाई दरवर्षी दसरा झाला की यायची. संग्रामपूरच्याही पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. पहाटे निघून नांदुऱ्याला गाडी बदलून, राजूरचा घाट चढून ती दुपारी आमच्या फाटकाशी उभी राहायची. काळीसावळी, उंच, हिरव्या लुगड्यातली. हातातल्या पिशवीत सीताफळं आणि चारोळीची पुडी. पाय धुऊन ओट्यावर बसायची, पाणी प्यायची, आणि मग म्हणायची, "छबूचा स्वेटर करा बाई. यंदा लईच वाढली."

छबू तिची मुलगी, माझ्याच वयाची. आईनं पहिल्यांदाच विचारलं होतं, की माप द्यायला पोरीला आणत का नाही. मथुराबाई म्हणाली, "घाट लागते तिले. तुमच्याच पोरीच्या मापानं करा ना. दोघी एकाच अंगाच्या हायेत."

आणि तसंच झालं. दरवर्षी छबूचा स्वेटर माझ्या अंगावर बेतला जायचा. दिवाळीनंतर मथुराबाई तो न्यायला आली की म्हणायची, "जरा घालून दाखव माय." मी घालायचे. ती माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि खालपासून वरपर्यंत एकेक गुंडी स्वतः लावायची. तिची बोटं खरबरीत होती, लोकरीत अडकायची. माझ्या तोंडाकडं ती बघायचीच नाही. गळ्याशी नाक नेऊन एकदा श्वास घ्यायची, मग भरभर गुंड्या काढायची आणि स्वेटर गरम आहे तोवर घडी करून पिशवीत घालायची. माझ्या अंगाची ऊब घेऊन तो घाट उतरायचा. थंड झालेल्या हातांनी मी बाजूला उभी राहायचे आणि मला वाटायचं, आपल्यातलं काहीतरी तिनं नेलं.

ओट्यावर बसून ती छबूच्या गोष्टी सांगायची. छबूचा पुढचा दात पडला. छबू चिंचेवरून पडली, ढोपर फुटलं. छबूला खोकला झाला तो महिनाभर हटलाच नाही. आई विणता विणता ऐकायची आणि माझ्याकडं बघायची. कारण माझाही दात त्याच पावसाळ्यात पडलेला असायचा आणि माझाही खोकला तेवढाच लांबलेला असायचा. "पोरीपोरींचं सारखंच असतं," आई म्हणायची. माझ्या मनात छबू एक मैत्रीण होऊन बसली होती. खेळताना मी तिच्यासाठी जागा सोडायचे.

मी चौथीत असतानाची गोष्ट. छबूचा स्वेटर सुईवर होता, गडद लाल, पाठ झालेली, पुढचा भाग अर्धा. लोकर कमी पडली म्हणून आई मला घेऊन हमीदचाचांकडं गेली. चाचा आठवड्याच्या बाजारांना माल घेऊन सगळा मुलूख फिरत. लाल लडी काढून देताना त्यांनी सहज विचारलं, "कोणाचा करून राह्यल्या भाभी?"

आईनं सांगितलं. गावाचं नाव, मथुराबाईचं नाव, छबू.

चाचांचा हात लडीवरच राहिला. "किसनभाऊची घरवाली? उंच आहे, हिरवं लुगडं घालते?"

"हो, तीच."

"भाभी, त्या घरात पोरगी नाही."

"असेल की. दरवर्षी स्वेटर नेते ती."

"मी त्या गावात जातो ना. ओट्यावर पाणी पेतो त्यांच्या." चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि आवाज उतरवला, पण त्या दुकानात आवाज उतरवून काही फरक पडत नसे. "होती एक. तीन-चार वर्सांची असताना गेली. अल्लाची मर्जी. तवापासून घर लेकराबिगर खालीच आहे."

आईनं लोकर घेतली. रस्त्यानं तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वण उठला.

त्याच आठवड्यात मला ताप भरला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. मी मधल्या खोलीत पडून असायचे, वर दोरीवर तो लाल स्वेटर, सुया अजून त्याच्यात खुपसलेल्या, एकच बाजू असलेला. शेजारच्या काशीकाकू बघायला आल्या. आईनं त्यांना सगळं सांगितलं असणार, कारण दारातूनच त्या म्हणाल्या, "अवं, जित्या लेकराचं माप मेलेल्याले देतात का कुठं? उसव तो. आत्ताच्या आत्ता उसव."

आईनं तो माझ्या उशाशी बसून उसवला. विणायला जो वेळ लागतो त्याच्या मानानं उसवायला काहीच लागत नाही. धागा सरसर सुटत गेला, ओळीमागून ओळ, आणि आईच्या मांडीवर कुरळ्या लाल लोकरीचा ढीग साचत गेला. मला आठवतं, शेवटची ओळ सुटली तेव्हा मला खूप घाम आला आणि मी झोपले. उठले तेव्हा अंग थंड होतं. मी भात मागितला.

आठवडाभरानं मथुराबाई आली. तिची यायची वेळ नव्हती. न्यायला ती नेहमी दिवाळीनंतर यायची, आणि दिवाळी अजून व्हायची होती. हातात पिशवी नव्हती. ओट्याच्या पायरीवरच बसली, पाय धुतले नाहीत.

"बाई," ती म्हणाली, "छबू दिसून नाही राह्यली."

आई दारात उभी होती. मी तिच्या पदराआड.

"थंडी पडाले लागली का दिसते ना थे मले. गोठ्यापाशी खेळते. अंगावर तुमचा स्वेटर असते. आता थंडी पडली, पण थे नाही आली. चार दिस झाले, सांजच्याले वाट पायतो मी, नाहीच येत. काही झालं काय, बाई? इथं काही झालं काय?"

आईचे ओठ पांढरे झाले. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमची छबू..."

"मेली. मले मालूम हाये." मथुराबाईनं फाटकाकडं बघत सांगितलं, कोणी गावाचं नाव सांगावं तसं. "तिले घेऊन इथल्याच दवाखान्यात येत होतो आम्ही. जीपमंदी. घाट चढता चढता म्हणे, माय, थंडी वाजून राह्यली. पदरात गुंडाळली, त्याईनं अंगातली बंडी काढून देल्ली, तरी म्हणे थंडी वाजून राह्यली. वर येईस्तोवर बोलनंच बंद झालं. मंग आम्ही इथंच, या गल्लीत बसलो होतो, जीपवाल्याची वाट पाहत. तुमची पोरगी ओट्यावर खेळत होती. लाल स्वेटर घातलेली. एवढुशी. पाटी कोणाकडून तरी वाचून घेतली मी." ती थांबली. "गेली म्हणून थंडी जाते काय, बाई? थे जिथं असन तिथं थंडी असन का नसन, कोणाले मालूम?"

मथुराबाई चहाही न घेता निघून गेली. गल्लीच्या वळणापर्यंत तिचं हिरवं लुगडं दिसत होतं.

मग आईनं दोन दिवस काहीच विणलं नाही. घरात तो बारीक आवाज नव्हता आणि मला सारखी जाग येत होती. तिसऱ्या दिवशी तिनं उसवलेली लोकर लडी करून पाण्यात भिजवली, कुरळेपणा जाईपर्यंत वजन लावून टांगली. वडिलांना म्हणाली, "मी जाऊन येते तिच्या घरी." वडील म्हणाले, पोरीला नको नेऊस. आई म्हणाली, "नेते. मला हिला माझ्या डोळ्यांसमोर ठेवायचंय."

घाट उतरलो तशी हवा गरम झाली. मोताळा गेलं, नांदुऱ्याला गाडी बदलली, पूर्णेचा पूल गेला, मग सपाट काळी रानं, कपाशीची पांढरी बोंडं, आणि लांबवर निळ्या धुरासारखा सातपुडा. तो जवळ येत होता पण मोठा होत नव्हता. मथुराबाईचं घर गावाच्या शेवटाला. मातीच्या भिंती, सारवलेलं अंगण, एका बाजूला गोठा आणि त्यावर वाकलेली चिंच. तिचा नवरा, किसनबाबा, बाजेवर दोरी वळत बसला होता. आम्हाला पाहून तो उठला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि पुन्हा दोरी वळायला लागला. पाण्याला खारट चव होती.

मथुराबाईनं आतून पत्र्याची पेटी आणली. कमरेची किल्ली काढून उघडली. कडुनिंबाचा पाला आणि त्याखाली माझी सगळी वर्षं घडी करून ठेवलेली. आई एकेक स्वेटर मांडीवर घेऊन उलगडायला लागली. मी तिच्याकडं बघत होते. तिचा हात एका बाहीवर थांबला. मग दुसऱ्या बाहीवर. मग तिनं पहिला पुन्हा उचलला.

लोकर पेटीत पडून राहिली की चपटी होते, घडीवर रेघ पडते, बस. अंगावर घासल्याशिवाय तिला गोळे धरत नाहीत. हे मला आईनंच नंतर सांगितलं. त्या स्वेटरांना गोळे आले होते. कोपरांशी लोकर विरळ झाली होती. खालच्या पट्टीत गवताची कुसळं घुसलेली. एकाच्या छातीवर चिंचेचा तपकिरी डाग होता.

"कोणाच्या लेकराला देता का हे घालायला?" आईनं विचारलं.

उत्तर किसनबाबानं दिलं. आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला. "कोनाले देऊ जी? पेटीले कुलूप असते." आणि पुन्हा दोरीकडं वळला.

"खेळते ना थे," मथुराबाई म्हणाली.

चिंचेखाली सावली हलत होती. गोठ्यातल्या गाईनं रवंथ थांबवला होता आणि ती आमच्याकडं नव्हे, अंगणाच्या मधोमध बघत होती. आई खूप वेळ बसून राहिली. पळून जावं असं तिला वाटलं असणार. माझा हात तिनं दोनदा धरला आणि दोनदा सोडला. मग ती उठली. पिशवीतून टेप काढला, गळ्यात टाकला, एरवी घरी टाकायची तसा.

"ताई," ती म्हणाली, "माझ्या मुलीचं माप आता नाही देणार मी. छबूचं घेते. कुठं आहे ती? उभी करा."

मथुराबाईचा चेहरा मी तोवर तसा कधी पाहिला नव्हता. ती अंगणाच्या मध्ये गेली, वाकली, आणि हवेत, तिच्या छातीच्या जरा खाली, दोन्ही तळवे धरले. मध्ये कोणाचे तरी खांदे असावेत तसे. "सरळ उभी राय वं," ती म्हणाली. "बाईले माप घेऊ दे. हसू नको."

आई गुडघ्यांवर बसली. खांद्यापासून खाली माप घेतलं. बाहीचं घेतलं. मग छातीचं घेताना तिनं टेप मागून फिरवून पुढं आणला, दोन्ही टोकं चिमटीत धरली. हवेतला टेप खाली लोंबायला हवा होता. तो लोंबला नाही. गोल राहिला, आणि एकदा अगदी थोडा फुगला, परत आत गेला. मी ते पाहिलं. तापातून उठलेली लहान पोर होते, तुम्ही काहीही म्हणा, पण मी पाहिलं. आईनंही पाहिलं, कारण तिनं माप वाचलं नाही, टेप तसाच धरून ती म्हणाली, "श्वास सोड बाळा."

परतीच्या गाडीत तिनं मला मांडीवर घेतलं, मी मोठी झाले होते तरी. नांदुरा जवळ आलं तेव्हा माझ्या केसांत तोंड घालून म्हणाली, "तुझ्यापेक्षा बोटभर उंच आहे ती."

त्या थंडीत तीच लाल लोकर पुन्हा विणली गेली. मला ताप आला नाही. तेव्हापासून मथुराबाई यायची ती छबूचं माप तळव्यांनी दाखवायची, आणि ते माझ्याशी कधी जुळलं नाही. मला पडसं झालं तर छबू ठणठणीत असायची. मी दहावीत चष्मा लावला, छबूची नजर चांगली होती. आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण शाळेच्या मैदानावर संध्याकाळी एखादी लाल बाही लांबून हलली, की मी हात वर करायचे. समोर कोण आहे ते नंतर बघायचे.

मग मी नोकरीला लागले. वडील गेले. आईची बोटं संधिवातानं वाकडी झाली आणि मी तिला अकोल्याला आणलं. घर सोडताना पाटीही काढली. मथुराबाईकडं फोन नव्हता. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत आई दसऱ्यानंतर दारात जाऊन उभी राहायची, अकोल्याच्या दारात, जिथं कोणी येणार नव्हतं. पुढं तिनं ते नाव काढणं सोडलं.

तर यंदा मी त्या फाटकाशी उभी होते. रंग नवा, निळा. ओट्यावर एक तरुण बाई बाळाला उन्हात तेल लावत होती. आयेशा तिचं नाव. मी म्हटलं, आम्ही इथं राहायचो, माझी आई स्वेटर विणायची. ती एकदम उठलीच.

"तुम्हीच का? अहो, दिवाळीच्या आधी एक बाबा आले होते. लई म्हातारे. स्वेटरवाल्या बाईचं घर हेच का म्हणे. मी म्हटलं, ते लोक गेले, पत्ता नाही. तरी पिशवी ठेवून गेले. म्हणे, येतील कोणीतरी."

तिनं आतून कापडी पिशवी आणली. आत लाल लोकर होती, आणि दोन सुतळ्या, दोन्हींना मापाच्या गाठी मारलेल्या.

"त्यांची म्हातारी वारली म्हणत होते," आयेशा म्हणाली. "दोन स्वेटर पाहिजेत म्हणे. एक तिचा, एक पोरीचा. मी म्हटलं, बाबा, पोरीला घेऊन यायचं ना माप द्यायला. तर म्हणे, कशाले, त्या दोघी घरीच हायेत."

बाळ रडायला लागलं. मी पिशवी घेतली.

अकोल्यात आईनं सुतळ्या हातात घेतल्या. वाकड्या बोटांनी गाठी चाचपत राहिली. मला वाटलं लांब सुतळी मथुराबाईची. ती उंच होती. आई म्हणाली, "नाही. म्हातारी माणसं आकसतात. लांब आहे ती छबूची." मग म्हणाली, "सुया आण."

तिच्यानं विणवेना. टाका घेतला की सुई निसटायची. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा तिनं सुया माझ्या हातात ठेवल्या. मी बँकेतली बाई, मला सुलटा टाकाही धड येत नव्हता. ऑफिसातून आले की तिच्या शेजारी बसायचे, ती बघायची, चुकलं की मांडीवर चापट मारायची. कितीदा उसवलं. घरात पुन्हा तो बारीक आवाज सुरू झाला, पण माझ्या हातून तो अडखळत यायचा. मुंढे, म्हणजे बाही जोडायची जागा, ठीक झाले. बाह्यांचं गणित मात्र मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही.

माघात मी दोन्ही स्वेटर घेऊन गेले. आईला प्रवास झेपणार नव्हता. गावात सिमेंटचे रस्ते झालेत, मातीच्या भिंतीचं ते एकच घर उरलंय. किसनबाबा बाजेवर बसले होते, खूप बारीक झालेले. मी कोण ते त्यांना सांगावं लागलं नाही. "या," म्हणाले. तांब्या पुढं केला. तेच खारट पाणी. मी मथुराबाईंबद्दल विचारलं, तर म्हणाले, "थंडीतच गेली, मागच्या साली. त्रास नाही झाला जी." आईची चौकशी केली. स्वेटर आईनं विणले की कोणी, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन्ही हातांत घेऊन त्यांनी ते तोलले, उठले आणि आत गेले.

परत आले तेव्हा हात रिकामे होते. "जरा थांबा," म्हणाले, "घालून पायतील."

मी थांबले. दुपार होती, अंगणात ऊन होतं, तरी माझे तळपाय गार पडत गेले. आत अंधार होता आणि दार अर्धं लोटलेलं. कसलाच आवाज नव्हता. फक्त एकदा पेटीचं झाकण वाजलं, किंवा तसं मला वाटलं. किसनबाबा बाजेवर बसून सुतळीचा एक तुकडा बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. चिंचेची पानं पडत होती. गाडीची वेळ होत आली होती, पण मला उठवेना.

थोड्या वेळानं त्यांनी मान वळवून आतल्या अंधाराकडं कान दिला. कोणी काही सांगावं आणि आपण ते नीट ऐकून घ्यावं, तसे ते दोनदा "हाव, हाव" म्हणाले. मग माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसले.

"बाह्या लांब झाल्या म्हणते छबू," ते म्हणाले. "पन राहू द्या म्हणते. तिचा पयलाच हात हाये."